जांभईपुराण

वाचकहो, सुरुवातीलाच एक खुलासा करून टाकतो. हा लेख वाचताना तुम्हांला जांभई आली तर आम्ही मुळीच रागावणार नाही. उलट लेख लक्ष देऊन वाचला जातोय, याची ती पावतीच समजू. जांभई पाहून जांभई येते हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, पण जांभईबद्दल नुसतं वाचलं किंवा मनात आणलं तरीही ती येते. अमेरिकेत मेरीलँडला रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी लोकांना जांभईवरचा मजकूर वाचायला देऊन हे रीतसर तपासलं होतं. तेव्हा संकोच नको. मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं भाषण चालू असताना, पहिल्या रांगेत बसून, नाकपुड्या फुगवून आणि डोळ्यांत पाणी आणून जी जांभई आपण गिळतो, तिला इथे मोकळं रान आहे.

जांभईच्या वाट्याला एवढी वाईट वागणूक का, याचं आम्हांला नेहमी नवल वाटतं. शिंक आली तर या देशात अनोळखी माणूससुद्धा 'ब्लेस यू' म्हणतो. उचकी लागली तर कुणीतरी आपली आठवण काढत असतं. पंगतीत ढेकर आली तर वाढणारी खूश. जांभई आली की मात्र समोरचा माणूस लगेच तोंड पाडून विचारतो, "काय, कंटाळा आला वाटतं?" २०१९ च्या विश्वचषकात मँचेस्टरला भारत-पाकिस्तान सामना झाला. पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद यष्टींमागे उभा असताना त्याला एक जांभई आली. नेमकी ती कॅमेऱ्याने टिपली आणि बिचाऱ्याची जगभर टर उडाली. सामना आपण जिंकला, आम्ही जल्लोष केला, पेढे वाटले, सगळं खरं. पण त्या जांभईपुरती आमची सहानुभूती सर्फराजलाच आहे. विमानातून छत्री बांधून उडी मारायला निघालेल्या सैनिकांना उडीच्या आधी जांभया येतात, असं प्रोव्हाइन सांगत. आता त्यांना काय कंटाळा आलेला असतो? आणि इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातल्या नादिया राइसलंड यांनी २०१२ मध्ये सोनोग्राफीच्या चित्रांतून दाखवून दिलं की पोटातलं बाळ चोवीस आठवड्यांचं असतानासुद्धा जांभया देतं. भाषण नाही, कीर्तन नाही, सासुरवाडीचा फोन नाही, तरी जांभई!

आपल्याकडे जांभईची दखल पूर्वीपासून घेतली गेली आहे, आणि तीसुद्धा बरीच समजूतदारपणे. चरकाने जे तेरा वेग दाबून ठेवू नयेत म्हणून सांगितले, त्यांत भूक, तहान, शिंक, अश्रू यांच्या पंगतीला जांभईही बसली आहे. योगशास्त्राने तर तिच्यासाठी एक स्वतंत्र वायू नेमला आहे, देवदत्त नावाचा. समर्थांनी दासबोधात निद्रेवर एक अख्खा समास लिहिला, त्यात अंग मोडणं आहे, जांभया आहेत, चुटक्या आहेत, डुलक्या आहेत. त्या समासाच्या लगेच पुढे समर्थांनी श्रोत्यांच्या अवलक्षणांचा समास ठेवला आहे. कीर्तनात पेंगणाऱ्या मंडळींचा त्यांना बराच अनुभव असावा!

चुटकीची गोष्ट तर लहानपणी आम्ही कितीदा ऐकली असेल. रामाच्या सगळ्या सेवा सीतामाईने आणि भावंडांनी आपसांत वाटून घेतल्या आणि मारुतीला काहीच उरलं नाही. तेव्हा त्याने मागून घेतलं की प्रभूंना जांभई आली की चुटकी वाजवायची सेवा माझी. आता जांभई कधी येईल याचा काय नेम? म्हणून मारुतीराय रात्रंदिवस रामापुढे उभे. शेवटी त्याला बाहेर घालवलं, तर तो बाहेर बसून एकसारख्या चुटक्या वाजवू लागला आणि आत रामाला एकामागून एक जांभया सुटल्या. आमची आजी ही गोष्ट सांगताना स्वतः जांभई द्यायची, तोंडापुढे दोन चुटक्या वाजवायची, 'राम राम' म्हणायची आणि पुढे चालू. मारुतीने शोधलेलं मर्म मात्र पक्कं होतं. जांभई बोलावून येत नाही आणि घालवून जात नाही.

शाळेत गेल्यावर आजीचं शास्त्र मागे पडलं आणि सरांचं शास्त्र आलं. शरीराला ऑक्सिजन कमी पडला, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की जांभई येते, हे आम्ही पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि गुणही मिळवले. पुढे आमच्या मुलांनाही आम्ही तेच सांगितलं, कारण सगळेच तसं सांगत होते. पण याच प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये साधा सरळ प्रयोग केला. लोकांना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा श्वासातून दिली, मग शुद्ध ऑक्सिजन दिला, व्यायामही करायला लावला. श्वास जोरात चालला, पण जांभया वाढल्या नाहीत की कमीही झाल्या नाहीत. एवढं होऊनही ती ऑक्सिजनची गोष्ट अजून लोकांच्या तोंडी आहेच. एकदा पाठ झालेलं उत्तर सहजी पुसलं जात नाही, हे बरीक खरं.

मग जांभई कशासाठी? इथून पुढे शास्त्रज्ञांत भांडणं आहेत, आणि ती वाचायला आम्हांला फार मजा आली. त्यांतली एक बाजू अँड्र्यू गॅलप यांची. त्यांचं म्हणणं, जांभई हा मेंदूचा पंखा आहे. जबडा ताणला की डोक्याकडे रक्ताचा ओघ वाढतो, बाहेरची थंड हवा आत येते, आणि तापलेला मेंदू थोडा निवतो. २००७ मध्ये त्यांनी लोकांना जांभया देणाऱ्या माणसांची चित्रफीत दाखवली. ज्यांच्या कपाळावर गार पट्टी होती त्यांच्यापैकी फक्त ९ टक्क्यांना जांभई आली, बाकीच्यांपैकी ४१ टक्क्यांना. आणि ज्यांना फक्त नाकाने श्वास घ्यायला सांगितलं होतं त्यांच्यापैकी एकालाही आली नाही! आपल्या मंडळातल्या प्राणायामवाल्यांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही.

पण आमचे कान खरे टवकारले ते त्यांच्या पुढच्या प्रयोगाने, कारण त्यातलं पाखरू आपलं निघालं. पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांतून 'लव्हबर्ड' म्हणून जी हिरवी-पिवळी, निळी-पांढरी पाखरं पिंजऱ्यात किलबिलत असतात, ती मुळात इथली, ऑस्ट्रेलियाची. बजरिगार त्यांचं नाव, लाडाने 'बजी'. हे नाव इथल्या मूळ रहिवाशांच्या गमिलराय भाषेतून आलेलं आहे. १८४० मध्ये जॉन गूल्ड नावाच्या पक्षितज्ज्ञाने काही जिवंत पाखरं इंग्लंडला नेली आणि तिथून ती जगभर पसरली. क्रॉफर्ड मार्केटात ती लव्हबर्ड या नावाने विकली जात होती, तेव्हा ऑस्ट्रेलिया नकाशावर कुठे आहे हेही आम्हांला धड सांगता आलं नसतं. पुढे इथे आल्यावर एकदा एलिस स्प्रिंग्जकडे जाताना एका पाणवठ्यावर त्यांचा थवा पाहिला. हजारो पाखरं एकदम वळतात तेव्हा आकाशात हिरव्या कापडाची घडी मोडल्यासारखं दिसतं. पिंजऱ्यातली जोडी पाहिलेल्या माणसाला हे खरंच वाटणार नाही.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा मुलखातलं हे पाखरू. मेंदू थंड ठेवण्याचं शास्त्र याच्याइतकं कुणाला कळणार? गॅलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बजींना एका पेटीत ठेवून आतलं तापमान हळूहळू वाढवलं. पारा चढू लागला तशा जांभया वाढल्या. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शेजारशेजारच्या पिंजऱ्यांतल्या बजींना एकमेक दिसत असतील तर एकाची जांभई दुसऱ्याला लागते, मध्ये आडोसा ठेवला तर तेवढी लागत नाही. म्हणजे जांभईची लागण माणसांची, माकडांची किंवा कुत्र्यांचीच मिरास राहिली नाही.

तरी हा पंख्याचा सिद्धान्त सगळ्यांना पटलेला नाही. अ‍ॅरिझोनात रस्त्यावरच्या लोकांना पाहिलं तर हिवाळ्यात जांभया जास्त, भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात कमी. व्हिएन्नात पाहिलं तर बरोबर उलटं. यावर गॅलप म्हणतात, बरोबरच आहे. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असेल तर पंख्याचा उपयोग नाही आणि अगदी गार असेल तर गरज नाही. विरोधक म्हणतात, असं दोन्हीकडून बरोबर ठरणारं शास्त्र आम्हांला नको. आम्हांला विरोधकांचा चिमटा आवडला, पण एक आकडा गॅलप यांच्या बाजूचा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०१ जातींच्या पशुपक्ष्यांच्या १२९१ जांभया मोजल्या गेल्या (हे काम कुणी केलं असेल त्याच्या चिकाटीला नमस्कार), आणि ज्यांचा मेंदू मोठा त्यांची जांभई लांब, असं निघालं. लांबलचक जांभई देणाऱ्याला यापुढे आळशी म्हणण्याआधी विचार करावा.

आमच्या सिडनीतही या विषयावर काम झालं आहे. रँडविकला न्यूरोसायन्स रिसर्च ऑस्ट्रेलिया ही संस्था आहे. तिथल्या मंडळींनी अलीकडे लोकांना एमआरआयच्या त्या धडधडणाऱ्या बोगद्यात झोपवून त्यांच्या जांभया टिपल्या. जांभई म्हणजे नुसता मोठा श्वास नव्हे, हे त्यांत दिसलं. जांभईत मेंदूभोवतालचा द्रव दीर्घ श्वासापेक्षा निराळ्या तऱ्हेने हलतो, आणि जांभई देताना जीभ-जबडा हलवायची प्रत्येकाची ढब आपापली, जवळजवळ सहीसारखी. आमच्या घरात हे एमआरआयशिवायही माहीत होतं. शेजारच्या खोलीतली जांभई कुणाची, हे आम्ही न बघता सांगतो.

हे सगळं आम्ही इतकं खोलात जाऊन वाचायला लागलो त्याला कारण घडलं. आमच्या ओळखीचं एक कुटुंब दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नहून सिडनीला यायला निघालं. शुक्रवारी कामावरून आले, जेवले, मुलांना मागच्या सीटवर झोपवलं आणि रात्री आठला गाडी काढली. आपल्यातले बरेच जण असंच करतात. सुट्टी वाया जात नाही, रस्ता मोकळा मिळतो, मुलं झोपून येतात. ह्यूम हायवेचं अंतर साधारण ८८० किलोमीटर, म्हणजे नऊ तासांची सलग ड्रायव्हिंगची मजल. गंडगाय ओलांडल्यावर रात्री दोनच्या सुमाराला गाडी रस्ता सोडून मधल्या गवतात शिरली आणि दोन कोलांट्या घेऊन थांबली. देवाची कृपा म्हणायची, चौघंही वाचले. पण चालवणाऱ्याचा खांदा अजून पूर्ण वर जात नाही आणि धाकटी पुढे किती तरी महिने गाडीत बसायला तयार नव्हती. इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अल्बरीपासून सारखे जांभया देत होते हो. मी म्हटलं, काच खाली करा, गाणी लावते."

जांभई हा मेंदूचा पंखा असेल नाहीतर नसेल, एका गोष्टीवर मात्र भांडणाऱ्या शास्त्रज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. जागेपणाची पातळी घसरायला लागते तेव्हा जांभई येते. मेंदू स्वतःला हलवून जागं ठेवायची खटपट करत असतो. दारावरची ही पहिली थाप. काच खाली केली, गाणी लावली, तर थोडा वेळ तरतरी येते आणि जाते. इंग्लंडमध्ये लफबरोला हॉर्न आणि रेनर यांनी नव्वदच्या दशकात हे तपासलं होतं. उपयोग होतो तो कॉफीचा आणि पंधरा मिनिटांच्या डुलकीचा. कॉफी आधी प्यायची, कारण तिला अंगात भिनायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात सीट मागे करून डोळे मिटायचे.

अ‍ॅडलेडला ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये केलेला हिशोब तर आम्ही फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष आणि हाताची सफाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरते. ०.०५ म्हणजे या देशात गाडी चालवण्याची कायदेशीर हद्द. आता बघा, सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला कुठे असतो? मेलबर्नहून आठला निघाला असेल तर अल्बरीच्या जवळपास. पेल्याला आयुष्यात हात न लावलेला आपला मराठी माणूस तिथून पुढे प्यायल्यासारखा गाडी हाकत असतो, आणि हवेत फुंकर मारायला लावून पोलिसांनाही ते कळत नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने जाताना चार सेकंद डोळा लागला तर गाडी एकशे दहा मीटर आपली आपण जाते. व्हिक्टोरियात रस्त्याच्या कडेला 'ड्राउझी ड्रायव्हर्स डाय' अशा पाट्या आहेत. सुट्ट्यांच्या दिवसांत 'ड्रायव्हर रिव्हायव्हर'चे तंबू लागतात, तिथे स्वयंसेवक आजी-आजोबा फुकट चहा-कॉफी आणि बिस्किटं देतात. आपले लोक तिथून झपकन पुढे जातात. फुकटचा चहा घ्यायला संकोच, की वेळ मोडतो म्हणून, कोण जाणे. त्या चहाला फारशी चव नसते हे मान्य. पण तो द्यायला उभं असलेलं म्हातारं माणूस दोन मिनिटं गप्पा मारतं, आणि पाय मोकळे होतात. वहिनींच्या त्या वाक्यानंतर आमच्या घरात नियम झाला. चालवणाऱ्याला तिसरी जांभई आली की पुढच्या थांब्याला गाडी बाजूला. कितवी ते मुलं मागून मोजतात.

आता राहिली लागण. इटलीत पिसाच्या नोर्शिया आणि पालाजी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं की जांभई सर्वांत जास्त लागते ती घरच्यांची, मग मित्रांची, मग ओळखीच्यांची, आणि परक्यांची सर्वांत कमी. म्हणजे जांभईला नातं कळतं. वाचून आम्ही अगदी भारावलो. लंडनमध्ये २००८ साली २९ कुत्र्यांसमोर एका अनोळखी माणसाने जांभया दिल्या, तर २१ कुत्र्यांनी उत्तर दिलं. हेही गोड. पण शास्त्रात गोड गोष्टींना फार आयुष्य नसतं. २०२० मध्ये शेजारी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या संशोधकांनी सांगितलं की कुत्र्यांना जांभई लागते, पण प्रेमाच्या माणसाची जास्त आणि परक्याची कमी असा काही भेद आढळत नाही. आणि आपल्या इथे क्वीन्सलंड विद्यापीठातल्या रोहन कॅपितानी आणि मार्क नील्सन यांनी २०१७ मध्ये मुळावरच घाव घातला. एका खोलीत दमलेली माणसं बसलेली असतील तर जांभया एकामागून एक येणारच. त्यांतली कुठली लागलेली आणि कुठली आपली आपण आलेली, हे ठरवलं कुणी? जांभई लागत नाही असं ते छातीठोकपणे म्हणत नाहीत, पण आपण समजतो तेवढा पुरावा भक्कम नाही म्हणतात. आम्हांला हे पटलं, आणि पटलं याचं थोडं वाईटही वाटलं.

वाईट वाटलं ते आईमुळे. आमची आई साताऱ्याला असते, वय चौऱ्याऐंशी. कामाच्या दिवशी जेवणं, भांडी, मुलांचा अभ्यास आटोपून आम्ही दोघं फोन लावायचो तेव्हा इथे साडेदहा झालेले असत, तिकडे संध्याकाळचे सहा. ती देवापुढे दिवा लावून, फोन मांडीवर घेऊन वाटच बघत असायची. पाच मिनिटं बोलणं झालं की आमच्यापैकी एकाला जांभई यायची. तोंड झाकलं तरी फोनवर ऐकू जातेच. लगेच तिकडून, "दमलात रे दोघं. झोपा आता, ठेवते मी." आम्ही म्हणायचो, "अगं आई, दमलो नाही, बोल ना." पण तोवर फोन ठेवलेला. कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकान विकलं, पायरीवर पाय घसरला, डॉक्टर बदलला, या बातम्या मग आम्हांला आठ-आठ दिवसांनी ताईकडून कळायच्या. जांभई म्हणजे कंटाळा नव्हे, आई, तुझ्याशी बोलायला जागं राहायची ती मेंदूची धडपड आहे, हे तिला प्रोव्हाइन, गॅलप सगळे लावून समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. पण झोप आल्यावर झोपावं."

हल्ली फोन रविवारी सकाळी करतो. थंडीच्या दिवसांत इथे अकरा वाजतात तेव्हा तिकडे साडेसहा, तिचा चहा झालेला असतो. तासभर बोलते. परवा बोलता बोलता तिलाच जांभई आली. पाठोपाठ दोन चुटक्या आणि 'राम राम', अगदी स्वच्छ ऐकू आलं. इकडे आम्ही एकमेकांकडे पाहिलं, तर दोघांचेही जबडे उघडलेले. क्वीन्सलंडवाले याला योगायोग म्हणतील. आईने तिकडून विचारलं, "काय रे, रात्री झोप झाली नाही का?"